सहाची उंची, दहाचं पाऊल

2010 चा एप्रिल. पुण्याजवळ वाघोलीत एका बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी पत्र्याच्या खोलीत आमचा वर्ग भरायचा. त्या दिवशी गुरुवार, म्हणजे सकाळपासून लाइट नाही. पत्रा असा तापला की आत बसवेना. सगळ्यांना घेऊन मी बाहेर कडुलिंबाखाली आले.

आमच्याकडे दोन हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप होते. ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ म्हणून गाजलेले, पण प्रत्यक्षात शंभरात कधी न बसलेले. अमेरिकेत 399 डॉलर भरले की एक आपल्याला आणि एक गरीब देशातल्या मुलाला, अशी योजना 2007 च्या अखेरीस निघाली होती. पुण्याला परतलेल्या एका जोडप्याने आपले दोन आम्हाला देऊन टाकले. रबरी कीबोर्ड सलग, त्यामुळे सिमेंटची धूळ आत शिरायची नाही. आणि बाहेर उन्हात पडद्यावरचे रंग जायचे, पण काळं-पांढरं चित्र स्वच्छ दिसायचं. आमच्यासारख्या वर्गाला याहून मोठी सोय नव्हती.

वर्गातली एक मुलगी, नऊ वर्षांची. जालन्याकडची, चार गावांत चार शाळा झालेली. पाटीवर काही लिहायला सांगितलं की आधीच हाताने झाकून घ्यायची. लॅपटॉपवरच्या कासवाच्या खेळात मात्र ती रमायची. एकेक ठोकळा जोडायचा, तसं कासव रेघ मारत चालतं. ठोकळ्यांवरचे शब्द इंग्रजी. तिने ते जागेवरून पाठ केले होते.

वळायच्या ठोकळ्यावरचं ‘नव्वद’ काय, हे मी काटकोन काढून सांगायला लागले, तर म्हणाली, “ताई, हा तर आप्पाचा गुण्या!” गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं गवंड्याचं हत्यार. गवंड्याच्या पोरीला काटकोन मी काय शिकवणार?

तिला जिना काढायचा होता. कासव वर वीस गेलं, उजवीकडे वळलं, पुढे वीस, पुन्हा उजवीकडे, आणि खाली उतरलं. ती उठली. मातीत स्वतः चालून पाहिलं, वळताना दंडाला हात लावून उजवा-डावा ठरवला. परत बसली आणि दुसरं वळण डावीकडे केलं. चूक झाली म्हणून तिने पडदा झाकला नाही, हे मला त्या क्षणी सगळ्यात जास्त जाणवलं. सहा पायऱ्या चढल्या.

जेवणाच्या सुट्टीत तिचे वडील आले. हात पँटला पुसले, पण यंत्राला लावले नाहीत. उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

“आसा जिना नसतो, बाई. जेवढी उंची तेवढंच पाऊल? चढणाऱ्याला धाप लागंल. उंची सहा इंच धरली तर पाऊल दहा इंच पायजे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले. ती पुटपुटत हिशेब करत होती, बोटं मांडीवर हलत होती. सहाचे तीस केले, दहाचे पन्नास. प्रमाण हा धडा तिच्या पुस्तकात अजून यायचा होता. कासव चढत गेलं आणि जिना खरंच चढावासा वाटेल असा निघाला.

“हां, आता झाला,” वडील म्हणाले.

“ताई, हे पुसलं जाईल?” तिने विचारलं. मी जर्नल उघडून दाखवलं: काम आपोआप साठतं, सकाळचा चुकलेला जिनाही तिथे होता. तिने तो वडिलांना उघडून दाखवला, न लाजता.

भोंगा झाला. वडील उठले, दोन पावलं गेले आणि परत वळले.

“गोल जिना निघंल का गं ह्याच्यात?”

तिने नव्वदचा आकडा पुसायला घेतला होता.