‘इटर्नल चॅम्पियन्स’ची कॅसेट नाशिकला आणताना: माझा अनुभव

‘इटर्नल चॅम्पियन्स’ या मारामारीच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटची किंमत नऊ पौंड, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. ती हातात पडायला मात्र त्रेसष्ट दिवस लागले आणि त्यांतील सत्तेचाळीस दिवस ती मुंबईतील सीमाशुल्क कार्यालयात पडून होती. हे लिहिताना त्या सत्तेचाळीस दिवसांचा राग अजून पुरता गेलेला नाही.

आमच्या घरी सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल आहे. काकांनी तो आखातातून आणला होता. भारतात तो १९९५मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत अधिकृतपणे विकायला आला, तेव्हा त्याची किंमत अठरा हजार रुपये होती, त्यामुळे आमच्या गल्लीत दुसरा असण्याचा प्रश्नच नव्हता. ‘इटर्नल चॅम्पियन्स’ मी शाळेत असताना मित्राच्या पाहुण्यांकडे एकच दुपार खेळलो आणि तो मनातून कधी गेला नाही. त्यातले नऊ योद्धे वेगवेगळ्या काळांतून आलेले आहेत: कोणी आदिमानव, कोणी १९२०च्या दशकातील शिकागोचा चोर, तर कोणी १६९२च्या सेलममधला किमयागार. प्रत्येकाचा अन्यायाने मृत्यू झालेला असतो आणि जो जिंकेल त्यालाच मृत्यूपूर्वीच्या क्षणी परत जाता येते. मारामारीच्या खेळात प्रत्येक पात्राला इतकी सविस्तर जीवनकथा मी तोवर पाहिली नव्हती.

इंग्लंडमधील लेस्टरला राहणाऱ्या मावसभावाने ती कॅसेट वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून घेतली आणि पोस्टाने पाठवली. तेथून मुंबईपर्यंतचा प्रवास आठवड्यात झाला. नंतर ट्रॅकिंगवर एकच ओळ दिसू लागली, ती म्हणजे सीमाशुल्क तपासणीसाठी रोखले आहे. पंधरा दिवसांनी पत्र आले की घोषित मूल्य संशयास्पद असून वस्तूचे विवरण व खरेदीची पावती सादर करावी. मी आधार कार्डाची प्रत आणि पावतीचा फोटो ईमेलने पाठवला, चार दिवसांनी पुन्हा पाठवला, आठवडाभर दूरध्वनी केला. तो कोणी उचलला नाही. अखेर एका मंगळवारी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली.

खिडकीपलीकडच्या साहेबांनी फाइलमधून छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर मेगा ड्राइव्हच्याच एका खेळाचे चित्र आणि खाली एकशे साठ पौंड ही किंमत होती. चित्रातला डबा कधीच न उघडलेला, वरच्या प्लॅस्टिकसकट जपलेला आणि दुसऱ्याच खेळाचा होता. मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “जुनी आहे तर एवढी महाग कशी? आणि स्वस्त असेल तर परदेशातून मागवायची कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर मला प्रामाणिकपणे द्यावेसे वाटले, कारण ही कॅसेट स्वस्त का, याचे उत्तर खेळाच्या इतिहासातच आहे. १९९३मध्ये मेगा ड्राइव्हवर ‘स्ट्रीट फायटर २’ आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हे मारामारीचे दोन्ही खेळ आले आणि आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर, आधीच गाजलेल्या या दोन नावांपुढे, थेट घरच्या कन्सोलसाठी बनवलेला व त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला सेगाचा हा खेळ झाकोळला गेला. १९९५मध्ये त्याचा पुढचा भाग आला, पण तो मेगा सीडी हे जादा यंत्र असणाऱ्यांनाच खेळता येत होता, आणि तिसरा भाग कधी निघालाच नाही. संग्राहक झुंडीने त्याच्यामागे लागलेले नाहीत, म्हणून तो नऊ पौंडांना मिळतो. साहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “हेच लिहून द्या.” तेथील बाकावर बसून मी दोन पाने लिहिली, सोबत तशाच वापरलेल्या तीन कॅसेटींच्या प्रत्यक्ष विक्रीच्या किमतींची पाने जोडली आणि शिक्का घेऊन संध्याकाळच्या गाडीने परतलो. त्यानंतरही फाइल पुढे सरकायला अठरा दिवस लागले. अठरा दिवस रोज सकाळी मी चहाआधी ट्रॅकिंग उघडत होतो.

कोणाला असे काही मागवायचे असेल, तर किमतीचा पुरावा देताना विक्रेत्याने मागितलेली किंमत दाखवू नये, विक्री झालेली दाखवावी. मागितलेल्या किमती कितीही फुगवलेल्या असू शकतात. पाठवणाऱ्याने सीएन २२ या घोषणापत्रावर नुसते ‘गेम’ असे लिहू नये. ‘वापरलेली व्हिडिओ गेम कॅसेट, १९९३’ असे लिहावे. ‘भेटवस्तू’वर खूण केली की शुल्क लागत नाही, हा समजही सोडून द्यावा, डिसेंबर २०१९मध्ये ती पाच हजारांपर्यंतची सवलत गेली आणि राखी व जीवनरक्षक औषधे एवढाच अपवाद उरला. शुल्क भरण्यास माझी कधीच हरकत नव्हती. ते मी दारात पोस्टमनकाकांकडे रोख भरले.

कॅसेटच्या लेबलाच्या कोपऱ्यावर निळ्या पेनाने कोणा मुलाने लिहिलेले अर्धवट पुसलेले नाव आहे. खालचे, यंत्रात बसणारे धातूचे दात काळवंडले होते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीने दोनदा पुसले आणि जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर तिसऱ्या प्रयत्नात सेगाचे निळे अक्षर उमटले. फुंकर मारू नये, ओलाव्याने दात गंजतात. या खेळात तीन ठोसे आणि तीन लाथा आहेत, त्यामुळे सहा बटणांचा रिमोट आधीच मिळवून ठेवावा. विशेष डाव टाकले की पडद्यावरची आंतरिक बळाची पट्टी रिकामी होते आणि प्रतिस्पर्ध्याला डिवचून त्याची पट्टीही उतरवता येते. म्हणजे नुसती बटणे बडवून येथे चालत नाही, बळ राखून खेळावे लागते. लहानपणी त्या एका दुपारी हे मला कळले नव्हते, आता कळले.

एक सांगायचे राहिले. भावाने दुकानाची मूळ कागदी पावती फेकली नव्हती, म्हणूनच माझ्या दोन पानांना वजन आले. ती पावती आता कॅसेटच्या डब्यातच घडी घालून ठेवली आहे.