पाळीवरची बाभूळ

इंदूरजवळच्या सांवेरकडच्या आमच्या तळ्याची पाळ म्हणजे माळव्याच्या काळ्या मातीचा बांध. उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा. पावसाआधी त्या उकरून, ओलसर मातीनं भरून धुमसानं ठोकाव्या लागतात. पाळीवरची बाभूळ काका तोडू देत नाहीत, सावली हवी ना! मुळं कुजली की त्याच पोकळीतून पाणी वाट काढतं, हे कोण सांगणार? पाझर नितळ असला तर मी निवांत. गढूळ झाला की पाळीची माती वाहतेय, आधी तळं उतरवायचं. ऑगस्ट २०२२मध्ये धार जिल्ह्यातलं कारम धरण गळू लागलं, तेव्हाही बाजूनं चर खणून पाणी सोडलं होतं. २०२१चा धरण सुरक्षा कायदा १० मीटरखालच्या बांधांना लागू नाही. म्हणजे आमचा निरीक्षक मीच. जास्तीचं पाणी अडू नये म्हणून सांडव्यातली मासे धरायची जाळी काढलीय, काका फुगलेत.