दिवाणखान्यात वैशाख, आतल्या खोलीत पौष

अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमधल्या आमच्या घरात जानेवारीच्या एकाच रात्री दोन ऋतू नांदतात. बाहेर पारा फॅरनहाइटच्या शून्याखाली गेलेला असतो. दिवाणखान्यात मी बनियनवर बसलेला, तिथे ८० अंश. पंधरा पावलांवरच्या आईच्या खोलीत ५७, म्हणजे आपल्या हिशेबानं जेमतेम १४ सेल्सिअस. ती स्वेटर, कानटोपी आणि दोन गोधड्या घेऊन तिथून विचारते, "अरे, विस्तव विझला का?"

विस्तव असतो वुडस्टोव्हमध्ये. स्टोव्ह म्हटलं की आपल्याला पंप मारायचा, पिन घालायचा रॉकेलचा स्टोव्ह आठवतो. हा तसा नव्हे. ही ओतीव लोखंडाची जाड पेटी, तिला काचेचं दार आणि छतातून वर गेलेलं धुराडं. मेपल आणि बर्चची वर्षभर वाळवलेली लाकडं खाते. लाकूड इथे 'कॉर्ड'च्या मापानं विकत घेतात: ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब अशी एक रास. पहिल्या वर्षी एक कॉर्ड रचून झाल्यावर माझी कंबर आठवडाभर धरली होती. स्टोव्हच्या जोडीला तळघरात तेलावर चालणारी फर्नेस आहे. ती पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत गरम हवा पाठवते.

दोन-दोन उष्णतेचे धनी असताना घर गारठतं कसं? तर फर्नेसचा थर्मोस्टॅट लावलाय पॅसेजमध्ये, दिवाणखान्याच्या तोंडाशी. त्याला सांगून ठेवलंय, ६८ च्या खाली गेलं की फर्नेस चालू कर. स्टोव्ह पेटला की त्याच्यापाशी होतात ७४. त्याची समजूत होते की घरात सगळं आबादीआबाद आहे, आणि फर्नेस झोपते. स्वतःचं पोट भरलं की गाव जेवलं असं मानणारा हा कारभारी! मागच्या वर्षी उत्तरेकडच्या बाथरूमच्या नळाला सकाळी थेंब येईना, तेव्हा कारभाऱ्याची खरी किंमत कळली. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्क्यांनी फुगतो आणि नळी फोडतो. तासभर त्या नळीला हेअर ड्रायरनं ऊब देत बसलो. फुटली नाही, हे नशीब.

मग उपाय सुरू झाले. फर्नेस न पेटवता नुसता तिचा पंखा चालवून पाहिला. हवा फिरली खरी, पण नळ्या जातात थंड तळघरातून, त्यामुळे आईच्या खोलीत पोचेपर्यंत तिची कोमट फुंकर झाली. छताचा पंखा उलटा फिरवला, म्हणजे छताशी साठलेली ऊब भिंतींच्या कडेनं खाली येते. दिवाणखान्यात बरं वाटलं, आतली खोली आहे तशीच. शेवटी टेबलफॅन स्टोव्हपाशी ठेवून गरम हवा आत रेटायला लागलो. तासाभरानं आतल्या खोलीत १ अंश वाढला. बायकोनं विजेच्या बिलाकडे नुसतं पाहिलं.

आईच्या तोपर्यंत एक गोष्ट लक्षात आली होती, आणि तिला ती फारशी महत्त्वाची वाटत नव्हती. तिनं देव मांडलेत खोलीच्या दाराजवळच्या उंच फळीवर. "उदबत्ती फळीवर लावली की सगळा धूर माझ्याच तोंडावर येतो," ती म्हणाली, "म्हणून खाली ठेवली, तर तो तुझ्या दिवाणखान्याकडे पळतो. तुमच्या घराला काही धरबंध नाही."

मी उदबत्ती घेऊन दारात उभा राहिलो. वर धरली, धूर आत. गुडघ्याशी आणली, धूर बाहेर. मध्ये कमरेच्या जरा वर एक जागा अशी, की धूर नुसता घोटाळतो. एकाच दारातून वरच्या अंगानं गरम हवा आत येत होती आणि खालून थंड हवा स्टोव्हकडे सरपटत निघाली होती. मी टेबलफॅन लावून या चालत्या रहाटाच्या विरुद्ध जोर करत होतो.

शेजारच्या म्हाताऱ्या लाकूडतोड्याला हे सांगितलं, तर तो हसला. त्याच्या लेखी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेलं ज्ञान. पंखा गार खोलीच्या दारात जमिनीवर ठेवायचा आणि तोंड करायचं स्टोव्हकडे. थंड हवा जड आणि दाट, ती ढकलली की मुकाट्यानं जाते. तिची रिकामी जागा भरायला गरम हवा छताखालून आपणहून येते.

चौकोनी बॉक्सफॅन आणला आणि सगळ्यात हळू वेगावर लावला.

"भर थंडीत पंखा?" आई म्हणाली. "आमच्याकडे घर नाही तापवत कोणी, माणूस तापवतात. सकाळी बंब, रात्री गोधडी, झालं." साताऱ्याकडची थंडी तेवढ्यावर भागते, हे मी तिला सांगत बसलो नाही. दोन तासांनी तिच्या खोलीत ६४ झाले होते आणि दिवाणखान्यात ७५. मला शर्ट घालावा लागला, तिची कानटोपी उतरली. उघड्या शेगडीपुढे माणूस पुढून भाजतो आणि मागून गोठतो, अशी तक्रार बेंजामिन फ्रँकलिननं १७४४ साली छापली होती. आमच्या घरापुरता मी तिचा निकाल लावला, अशा तोऱ्यात चार दिवस वावरलो.

पाचव्या रात्री पाय गार पडून जाग आली. पंखा बंद. प्लग काढून वायरची नीट गुंडाळी करून ठेवलेली. दिवाणखान्यात पुन्हा वैशाख, आणि स्टोव्हच्या मागच्या कट्ट्यावर फडक्यात गुंडाळलेलं पातेलं.

"तुझ्या त्या पंख्यानं," आतून आवाज आला, "चार दिवस दही लागलं नाही."