सा हलवता येतो

दर सोमवारी संगीताच्या तासाला आठवीची मुलं माझ्या टेबलावर चिठ्ठ्या टाकतात. सध्या डोक्यात घोळणारं एक गाणं लिहायचं, स्वतःचं नाव लिहायचं नाही. त्यातलं एक उचलून आम्ही आठवडाभर त्यावर काम करतो. कल्पना माझीच, पण ती वाटली तितकी सोपी निघाली नाही. बऱ्याच गाण्यांचे शब्द वर्गात म्हणण्यासारखे नसतात. त्यावर मी पळवाट काढली आहे: शब्द वर्गाबाहेर, चाल आत. नुसती सरगम करून गायची. मुलांना काहीतरी चोरून केल्याचा आनंद मिळतो आणि मला त्यांच्या गळ्यात कोमल निषाद उतरवता येतो.

त्या दिवशी निघालेल्या गाण्याचं नाव सांगत नाही. तुम्ही हे वाचेपर्यंत ते मुलांच्या लेखी म्हातारं झालेलं असेल. ताल सरळ केरवा, आठ मात्रांचा. मुखडा षड्ज ते पंचम, म्हणजे सा ते प, एवढ्यातच घोळणारा, अंतरा पंचमावरून उठून तार षड्जाला, वरच्या सप्तकातल्या सा ला भिडणारा. रेकॉर्डिंगचा सा काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी. मीही पेटीवर काळी चार धरली.

मुखडा बरा झाला. अंतऱ्याला मुली वर गेल्या आणि मुलगे एकेक करून गळाले. शेवटच्या बाकावरचा एक मात्र नेटाने गात राहिला. बाकावर केरवा वाजवण्यात वर्गात त्याचा हात कुणी धरणार नाही. तार षड्जाला पोचता पोचता त्याचा आवाज मधोमध चिरला. वर्ग हसला. तोही हसला, आणि खाली बसत म्हणाला, "बाई, मला आता गाता येत नाही."

सहावीत हाच मुलगा प्रार्थनेला सगळ्यांत पुढे उभा असायचा. 'आता' हा शब्द मला लागला.

वयात येताना मुलग्यांचे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण थोडाच. मधल्या काळात मुलग्याच्या हातात मोजकेच स्वर उरतात, तेही रोज जागेवर सापडतील असं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी शरीरशास्त्र सांगणं म्हणजे त्याला वर्गासमोर दुसऱ्यांदा उभं करणं झालं असतं. म्हणून म्हटलं, "चला, गाणं खाली आणू."

"खाली कसं येईल? ते गाणं तेवढंच आहे."

मी पेटीवरचा हात काढला. 'सा कोणत्याही पट्टीत धरता येतो' हे वाक्य मी या मुलांकडून तीन वर्षं घोकून घेतलं होतं. परीक्षेत त्याचे गुणही दिले होते. पण गाणं त्यांना भेटतं ते फोनमधून, आणि फोनमधलं गाणं दर वेळी त्याच उंचीवर उभं असतं. आरोह-अवरोहातला सा हलतो हे त्यांना मान्य होतं. आवडत्या गाण्यातला सा हलतो, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

ल्युसी ग्रीन या ब्रिटिश संशोधिकेचं काम मी वाचलं होतं. लंडन आणि आसपासच्या १४ लोकप्रिय संगीत वाजवणाऱ्या कलाकारांशी बोलून २००१ साली तिने मांडलं होतं की ही मंडळी प्रामुख्याने रेकॉर्डिंगला कान लावून, जसंच्या तसं उचलत, मित्रांच्या संगतीने शिकतात. माझ्या चिठ्ठ्यांचं मूळ तिथेच आहे. कान त्याने तयार होतो, यात शंका नाही. मात्र जसंच्या तसं उचलताना पट्टीही उचलली जाते, आणि ज्याचा गळा त्या पट्टीत बसत नाही तो स्वतःलाच नापास करून मोकळा होतो. ही बाजू मला त्या दिवशीपर्यंत दिसली नव्हती.

मग आम्ही पट्टी शोधायला बसलो. काळी तीन. अंतऱ्याला पुन्हा चिरला. पांढरी चार. पोचला, पण मानेच्या शिरा ताणून. पांढरी तीनवर तो तार षड्जावर टेकला आणि टिकला. आवाज जाडसर होता, थोडा खरखरीत, पण सुरात. गळालेले मुलगेही एकेक करून आत आले. या वेळी कुणी हसलं नाही, कारण आता मुलींची तक्रार सुरू झाली होती. मुखडा त्यांना फार खाली जात होता. "बाई, आमचा सा विहिरीत पडला!"

सगळ्यांना सोयीची पट्टी काढायची म्हणून मी पुन्हा वर सरकायला लागले, तेवढ्यात त्यांच्यातलीच एक म्हणाली, "मग मुखडा त्यांना देऊन टाका ना. अंतरा आम्ही घेतो." सा पांढरी तीन ठेवून मुखडा मुलग्यांचा, अंतरा मुलींचा. शेवटच्या बाकावरच्याने दोन्ही गायलं, आणि बाकावर केरवाही धरला. खरं सांगायचं तर त्याची लय जरा पळत होती. मी काही बोलले नाही. शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिका दारात येऊन "हे संगीत आहे का?" असं विचारून गेल्या, तेव्हाही नाही.

पुढच्या सोमवारी चिठ्ठ्या उघडल्या तर बऱ्याच जणांनी गाण्यापुढे न सांगता आपापली पट्टी लिहिली होती. पांढरी तीन, काळी एक, पांढरी पाच. एकाने लिहिलं होतं, 'काळी सहा'. पेटीवर एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाचच असतात, त्यामुळे तास तिथूनच सुरू करावा लागला.