स्कोअरबुकाची सातवी वही: ‘एचबीपी’च्या चौकोनात नेमके काय लिहावे?

मागील नोंदीत लिहिल्याप्रमाणे या पावसाळ्यात मी चालू हंगामातील बेसबॉल सामने बाजूला ठेवून जुने सामने हाताने स्कोअरशीटवर उतरवायला घेतले आहेत. निवडीची अट एकच ठेवली आहे. कुणाच्या तरी खरेपणामुळे किंवा कुणाच्या तरी लबाडीमुळे भरला गेलेला एक तरी चौकोन, म्हणजे एका बॅटरच्या एका पाळीची नोंद, त्या सामन्यात असायला हवा. योजलेल्या आठ सामन्यांपैकी पाच पूर्ण झाले असून सहावा अर्ध्यावर आहे. ज्यांचे चित्रण मिळते ते चेंडूगणिक थांबवून पाहतो आणि ज्यांचे मिळत नाही ते उपलब्ध तपशीलवार नोंदींवरून मांडतो. एका सामन्याला साधारण दोन संध्याकाळी लागतात. हात आता बराच बसला आहे आणि एकाच वेळी दोन-तीन खेळाडू बदलले की पूर्वी उडणारा गोंधळ जवळजवळ थांबला आहे. अडचण आली ती निराळ्याच ठिकाणी.

स्कोअरशीटवर अंपायरचा निर्णय लिहिला जातो. प्रत्यक्षात काय घडले ते लिहायला तिथे जागा नसते. हे आपण सगळेच पहिल्या दिवशी शिकतो आणि त्यात काही वावगे आहे असे मला आजवर वाटले नव्हते. परंतु १५ सप्टेंबर २०१० रोजी ट्रॉपिकाना फील्डवर झालेला न्यूयॉर्क यँकीज आणि टँपा बे रेज यांचा सामना उतरवत असताना सातव्या डावात माझी पेन्सिल थांबली. रेज २-१ ने पुढे होते. त्यांच्या चॅड क्वॉल्सचा आत येणारा चेंडू यँकीजच्या डेरेक जीटरच्या दिशेने गेला, ‘टक्’ असा आवाज झाला, आणि जीटर कोपर धरून वळला. तो हात झटकत होता, चेहऱ्यावर वेदना होती, संघाचा वैद्यकीय मदतनीस धावत येऊन त्याचा हात पाहू लागला. अंपायरने त्याला पहिला बेस दिला. चित्रण सावकाश पाहिले की चेंडू हाताला लागलेलाच नाही, तो बॅटच्या मुठीच्या टोकावर आदळून आत मैदानात आला आहे, हे स्पष्ट दिसते. रेजचे व्यवस्थापक जो मॅडन यांनी वाद घातला आणि त्यांनाच मैदानाबाहेर काढण्यात आले. पुढच्याच बॅटरने, कर्टिस ग्रँडरसनने, दोन धावांचा होम रन मारला.

मी हा तुकडा अकरा वेळा पाहिला. चौकोनात ‘एचबीपी’ लिहिले, म्हणजे बॅटरला चेंडू लागला आणि म्हणून बेस मिळाला. नियमाने नोंद अचूक आहे, पण त्या तीन अक्षरांतले एकही खरे नाही. सामन्यानंतर जीटरने स्वतःच सांगितले की चेंडू बॅटला लागला होता. बेसवर पोहोचणे हे आपले काम आहे आणि अंपायर जा म्हणाल्यावर मी जाणार नाही असे कोण म्हणेल, असा त्याचा पवित्रा होता. मॅडन यांनीही आपल्या खेळाडूने हेच केले असते तर कौतुकच केले असते, असे सांगून टाकले. तो सामना अखेर रेजने ४-३ असा जिंकला, त्यामुळे चर्चा लवकर निवळली. मला मात्र हे पटलेले नाही. ‘अंपायरने दिले, मी घेतले’ इथपर्यंत मी समजू शकतो. मदतनीसाला बोलावून न दुखणारा हात तपासू देणे हा मात्र रडीचा डावच आहे, मग तो खेळणारा कितीही थोर असो.

क्रिकेटमध्ये वाढलेल्या आपल्या मनाला हे जास्त खुपते याचेही कारण आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडच्या बॉब टेलरला अंपायरने झेलबाद दिले होते आणि कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी त्याला परत बोलावले. पुढे टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. माझे वडील हा प्रसंग सांगत, तेव्हा पराभवाचा उल्लेख ते शेवटी आणि ओझरताच करत. बेसबॉलमध्ये अंपायरचा चुकीचा निर्णय खेळाडूने स्वतः परतवण्याची अशी परंपरा नाही. म्हणून जीटरला आपल्या मोजपट्टीने मोजू नये, असे मला एका स्नेह्यांनी लिहिले आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. तरीही खटकायचे ते खटकतेच.

गंमत अशी की त्याच्या आदल्या आठवड्यात मी १९१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, १ ऑक्टोबरचा, मांडला होता आणि त्यातल्या सिनसिनाटी रेड्सच्या अगदी पहिल्या चौकोनातही हीच तीन अक्षरे आहेत. शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर एडी सिकॉट याने मॉरी रॅथ या पहिल्याच बॅटरला चेंडू मारला. व्हाइट सॉक्सच्या काही खेळाडूंनी पैशांसाठी मालिका हरायचे ठरवल्याचा जुगाऱ्यांसाठीचा तो इशारा होता, अशी कथा शंभर वर्षे सांगितली जाते. रेड्सनी सामना ९-१ असा जिंकला, आणि पुढे ‘नऊपैकी पाच’ या स्वरूपाची ती मालिकाही ५-३ अशी जिंकली. सप्टेंबर १९२० मध्ये सिकॉटने दहा हजार डॉलर घेतल्याची कबुली दिली. एका वहीत नव्वद वर्षांच्या अंतराने दोन चौकोन, दोन्हींत ‘एचबीपी’. एकात बॅटरला लागलेला चेंडू पैसे खाल्लेल्या हाताने टाकलेला, दुसऱ्यात चेंडू लागलाच नाही.

यावर उपाय म्हणून मी सातव्या वहीपासून प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला दोन बोटांचा एक रकाना आखला असून तिथे लाल पेन्सिलीने शेरा लिहितो. चौकोनातील काळी नोंद अधिकृत, तिला हात लावायचा नाही. रकान्यासाठी स्वतःला एक बंधन घालून घेतले आहे. खेळाडूने स्वतः कबूल केलेले किंवा चित्रणात निर्विवाद दिसणारे तेवढेच तिथे लिहायचे. संशय, ऐकीव कथा, माझा राग, यांतले काहीही नाही. म्हणून जीटरसमोर ‘चेंडू बॅटच्या मुठीला, कबुली त्याच दिवशी’ एवढे लिहिले. सिकॉटसमोर ‘पैसे घेतले, कबुली १९२०’ असे लिहिले, पण इशाऱ्याची कथा लिहिली नाही. लबाडीची नोंद करताना नोंद करणाऱ्याने सैल होऊन चालणार नाही, यावर मी ठाम आहे.

हे बंधन पाळताना सर्वांत जड गेले ते बक वीव्हरचे नाव. हा व्हाइट सॉक्सचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. आठ सामन्यांत त्याचे अकरा हिट आहेत, सरासरी .३२४ आहे आणि क्षेत्ररक्षणात एकही चूक नाही. त्याने पैसे घेतले नव्हते. कटाची बोलणी त्याला ठाऊक होती आणि तो गप्प राहिला, एवढ्यासाठी बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी १९२१ मध्ये उरलेल्या सात जणांबरोबर त्यालाही कायमचे बाहेर काढले, तेही न्यायालयातून निर्दोष सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्या ओळीत लाल पेन्सिलीने लिहावे असे काही नाही, कारण त्याचा दोष मैदानावर घडलेलाच नाही. याच मालिकेतला तिसरा सामना मी मुद्दाम लगेच मांडला. त्यात डिकी कर हा कटाबाहेरचा पिचर, पाठीमागे विकले गेलेले सहकारी उभे असताना, केवळ तीन हिट देऊन ३-० असा जिंकतो. ते पान भरताना मन खरोखर भरून आले.

आता डेट्रॉइटचे पान. २ जून २०१० चा सामना, टायगर्स विरुद्ध क्लीव्हलँड, पिचर आर्मांडो गालारागा. सव्वीस बॅटर आले आणि सव्वीस परत गेले, एकही बेसवर पोहोचला नाही. नवव्या डावातील पहिल्या चौकोनात ऑस्टिन जॅक्सनने पाठमोरे धावत घेतलेला अविश्वसनीय झेल आहे, म्हणजे ‘एफ८’ (आठव्या क्रमांकाच्या जागेवरील क्षेत्ररक्षकाचा झेल), आणि दुसऱ्यात साधा ‘६-३’ (सहाने अडवून पहिल्या बेसवरील तीनकडे फेकलेला चेंडू). सत्ताविसावा बॅटर जेसन डोनाल्ड. त्याने जमिनीवरून मारलेला चेंडू पहिल्या बेसवरील मिगेल काब्रेराने उजवीकडे जाऊन उचलला, गालारागा धावत बेसवर आला, चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये पडला आणि पाय बेसवर होता. डोनाल्ड तेव्हा पूर्ण एक पाऊल मागे होता. ‘३-१’ अशी नोंद व्हायला हवी होती आणि तो बेसबॉलच्या इतिहासातला एकविसावा परफेक्ट गेम, म्हणजे सत्तावीसही बॅटर बेसवर न पोहोचता बाद झालेला सामना, ठरला असता. अंपायर जिम जॉइस यांनी दोन्ही हात पसरून ‘सेफ’ दिले.

चित्रण थांबवून गालारागाचा चेहरा पाहावा. तो ओरडत नाही, टोपी आपटत नाही. तो जॉइस यांच्याकडे पाहून हसतो. तेही कुत्सित नव्हे, समजूतदार. मग पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, जातो आणि अठ्ठाविसावा बॅटर ‘५-३’ असा बाद करून सामना ३-० ने संपवतो. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रण पाहिले आणि कोणताही आडपडदा न ठेवता, या मुलाचा परफेक्ट गेम मी घालवला, असे सांगून टाकले. गालारागाला भेटून रडत क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटवर तेच अंपायर होते, आणि संघाची यादी घेऊन गालारागा स्वतः त्यांच्याकडे गेला. जॉइस डोळे पुसत होते. आयुक्त बड सीलिग यांनी निर्णय बदलला नाही, त्यामुळे नोंद आजही ‘हिट’ अशीच आहे. माझ्या चौकोनातही काळ्या पेन्सिलीने हिटची आडवी रेघ आहे आणि रकान्यात लाल अक्षरांत ‘आउट होता, अंपायरची कबुली’.

म्हणजे जीटरच्या पानावरची नोंद खोटी आणि गालारागाच्या पानावरचीही खोटी, पण दुसऱ्या पानावर एकही माणूस खोटे बोललेला नाही. चूक आणि लबाडी या दोन गोष्टी एकाच रंगात लिहिणे मला योग्य वाटेना, म्हणून आता चुकीसाठी निळी पेन्सिल वेगळी केली आहे आणि डेट्रॉइटचा रकाना खोडून निळ्यात पुन्हा लिहिला आहे. २०१४ पासून चित्रण पाहून फेरविचाराची पद्धत विस्तारली. आज हे दोन्ही निर्णय काही मिनिटांत बदलले असते. तेव्हा यापुढच्या हंगामांच्या पानांवर निळी पेन्सिल फारशी लागणार नाही. लाल लागत राहील, असा माझा अंदाज आहे.

३० मे २००७ च्या टोरांटोतील सामन्याबद्दल थोडक्यात लिहितो. नववा डाव, दोन बाद, यँकीजच्या होर्हे पोसाडाचा तिसऱ्या बेसपाशी उंच झेल, आणि बेसवरून धावणारा अलेक्स रॉड्रिगेझ क्षेत्ररक्षक हाउई क्लार्कच्या मागून जाताना ओरडतो. सहकाऱ्याने झेल मागितला असे समजून क्लार्क बाजूला होतो, चेंडू पडतो, धाव निघते. नोंद हिट अशीच. इथे रंगाचा निर्णय करताना मी बराच अडलो. प्रतिस्पर्ध्याला फसवणे हा बेसबॉलचा भागच आहे. लपवलेल्या चेंडूची युक्ती आहे, कॅचर कडेचा चेंडू हळूच आत ओढून दाखवतो, दुसऱ्या बेसवरचा रनर कॅचरने पिचरला केलेल्या खुणा डोळ्यांनी टिपतो, आणि हे सर्व मला कौशल्यच वाटते. पण दोन क्षेत्ररक्षक एकमेकांवर आदळू नयेत म्हणून जी हाक मारली जाते, तिची नक्कल करणे हे त्या दोघांच्या हाडांशी खेळणे आहे. मी लाल पेन्सिल वापरली. कुणाचे मत वेगळे असल्यास जरूर लिहावे.

सहावा सामना, जो अर्ध्यावर आहे, तो २१ सप्टेंबर २०१७ चा ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज विरुद्ध व्हाइट सॉक्स. कॅमेऱ्यातून कॅचरच्या खुणा पाहून डगआउटजवळ, म्हणजे खेळाडूंच्या बैठकीजवळ, कचऱ्याचा डबा बडवायचा, म्हणजे संथ किंवा वळणारा चेंडू येणार हे बॅटरला कळते, हा तो प्रकार. त्याचा आवाज चित्रणात चक्क ऐकू येतो. प्रत्येक ठोक्यासाठी चेंडूच्या खुणेशेजारी मी एक लाल टिंब देतो. डॅनी फारक्वारला तो आवाज ध्यानात येतो, तो माउंडवरून उतरून कॅचरला बोलावतो आणि खुणा बदलतो, त्यानंतर टिंबे थांबतात. हेडफोन लावून हळू गतीने ऐकावे लागत असल्याने काम रेंगाळले आहे.

मधल्या काळात आमच्या भागात झालेल्या मुलांच्या एका सॉफ्टबॉल सामन्यात स्कोअर लिहायला बसलो होतो. लेफ्ट फील्डच्या मुलाने पुढे झेपावत चेंडू घेतला, अंपायरने आउट दिले, मी ‘एफ७’ लिहिले. तो मुलगा उठला, गुडघे झटकले आणि लांबूनच म्हणाला, “सर, टप्पा पडला होता.” त्याचा कर्णधार “गप्प ना रे!” असे ओरडला, पण अंपायरने निर्णय बदलला आणि दोन धावा झाल्या. मी ‘एफ७’ खोडून हिट लिहिला. खोडरबराने कागद थोडा फाटला, तरी ते पान मी नव्याने उतरवलेले नाही.

उरलेल्या दोन सामन्यांपैकी १९ ऑक्टोबर २००४ चा, यँकीज विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स, फारसा कठीण नाही. त्यात रॉड्रिगेझने बॉस्टनचा पिचर ब्रॉन्सन अरोयो याच्या ग्लोव्हवर चापट मारून चेंडू पाडला, पण अंपायरांनी एकत्र चर्चा करून त्याला बाद ठरवले. खरी पंचाईत आहे ती २४ जुलै १९८३ च्या सामन्याची. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटच्या बॅटवर पकडीसाठी लावलेली राळ मर्यादेपेक्षा वर गेली आहे, हे यँकीजचे व्यवस्थापक बिली मार्टिन यांच्या आधीच लक्षात आले होते. त्यांनी नवव्या डावातला होम रन होईपर्यंत वाट पाहिली आणि मग तक्रार केली. ब्रेट बाद ठरला, पुढे तो निर्णय फिरवला गेला, आणि उरलेला खेळ १८ ऑगस्टला झाला. त्या दिवशी मार्टिन यांनी निषेध म्हणून पिचर रॉन गिड्रीला सेंटर फील्डमध्ये आणि डावखुऱ्या डॉन मॅटिंग्लीला दुसऱ्या बेसवर उभे केले. शिवाय ब्रेटने बेसना पाय लावलाच नव्हता असे अपील केले. अंपायर डेव्ह फिलिप्स यांनी खिशातून जुलैच्या अंपायरांचे प्रतिज्ञापत्र काढून दाखवले, की सर्व बेसना पाय लागला होता. हा सामना एका पानावर मांडावा की दोन, आणि ते प्रतिज्ञापत्र कोणत्या रकान्यात लिहावे, याबद्दल ज्यांनी तो आधी उतरवला असेल त्यांनी कृपया कळवावे. मी ते पान गणपतीनंतर हाती घेणार आहे.