तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं मॅचला कशी येतील?

"तुमच्याकडे कॉलेजच्या मॅचला लाखभर माणसं बसतात ना? मग विद्यार्थी येत नाहीत म्हणून एवढी ओरड कशाला?" कोल्हापूरहून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. इथल्या विद्यार्थी समितीतली पोरं तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारतात: काय केलं म्हणजे आपला स्टँड भरेल? मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत एका विद्यापीठाच्या गावात राहते. फुटबॉलच्या (आपला पायाने खेळायचा नव्हे, चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन) मोसमात शनिवारी विद्यार्थ्यांच्या स्टँडपाशी स्वयंसेवक म्हणून उभी असते. तिकीट बघायचं, जिना मोकळा ठेवायचा, चुकलेल्याला जागा दाखवायची, एवढंच काम. पण पोरं कधी येतात, कुणाबरोबर येतात, कधी निघून जातात, हे तिथून जेवढं दिसतं तेवढं कुठूनच दिसत नाही.

ओरड खरी आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमात १,०७,६०१ माणसं मावतात, पेन स्टेट आणि टेक्सस ए अँड एम या विद्यापीठांचंही लाखाच्या वरचं. पण त्या गर्दीत माजी विद्यार्थी आणि गावकरीच जास्त. विद्यार्थ्यांचे ठेवलेले बाक मात्र अनेकदा सुरुवातीला अर्धे रिकामे असतात आणि मध्यंतरानंतर पुन्हा रिकामे होतात. अलाबामासारखा सतत जिंकणारा संघ, तिथेही प्रशिक्षक निक सेबन यांनी २०१३ मध्ये लवकर उठून जाणाऱ्यांबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. म्हणजे संघ जिंकला की पोरं आपोआप येतात, हे उत्तर पुरत नाही. आणि आज जे स्टँडमध्ये उभं राहत नाहीत, ते पदवी घेऊन नोकरीला लागल्यावर सीझन तिकीट कशाला काढतील?

पोरांचंही थोडं ऐका. गेम साडेतीन तासांच्या आसपास चालतो. जाहिरात आली की टीव्हीवाल्यांचा माणूस मैदानात येऊन उभा राहतो आणि तो बाहेर जाईपर्यंत खेळाडू नुसते ताटकळतात. वेळही टीव्हीच ठरवतो, कधी कधी तर जेमतेम आठवडाभर आधी. आमच्याकडे सकाळी अकराचा गेम लागला की रात्रभर जागलेल्या विशीतल्या पोरांकडून काय अपेक्षा करायची? खोलीत मोठा पडदा आहे, फ्रीज आहे, मित्र आहेत. तरीही जी पोरं येतात ती का येतात, हे आधी विचारायला हवं.

माझं उत्तर एका ओळीचं आहे. पोरं गेम बघायला येत नाहीत, आपल्या घोळक्यात उभं राहायला येतात. मागच्या मोसमातली गोष्ट. सातआठ जणी गेटवर आल्या आणि त्यातल्या एकीचा फोन बंद पडला. तिकीट फोनमध्ये. बाकीच्यांना मी म्हटलं, तुम्ही आत जा, हिचं बघते मी. एकही हलली नाही. चार्जर शोधेपर्यंत आतून गेम सुरू झाल्याचा आवाज आला, पाठोपाठ पहिल्या टचडाउनचा (आपल्याकडचा गोल समजा). कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. फोन सुरू झाला तेव्हा हातात हात घालून सगळ्या एकदम आत गेल्या, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत घसा फोडून ओरडत होत्या. सुरू झाला नसता तर सगळ्याच परत गेल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही.

हा घोळका मोडला की काय होतं, ते मिशिगनने बघितलं. पोरं उशिरा येतात म्हणून २०१३ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या ठरलेल्या जागा बंद केल्या. जो आधी येईल तो पुढे. ऐकायला सरळ वाटतं. पण आधीची पद्धत ज्येष्ठतेची होती. पहिल्या वर्षाला वरच्या कोपऱ्यात बसायचं आणि दरवर्षी मैदानाच्या जवळ सरकायचं. तीन वर्षं वाट बघितलेल्यांची जागा एका निर्णयात गेली. शिवाय दहा जणांना एकत्र उभं राहायचं तर दहाही जणांनी एकाच वेळी पोचायला हवं. पोरं चिडली. पुढच्या वर्षी विद्यार्थी संघटनेला बरोबर घेऊन नवी पद्धत आणली, आदल्या वर्षी जास्त गेमना आलेल्यांना चांगल्या जागा देणारी. पण तोवर तिकीट महाग झालं होतं, संघही हरत होता आणि विद्यार्थ्यांची तिकिटं हजारोंनी कमी खपली. २०१४ च्या शरदात पोरांनी निदर्शनं केली, ऑक्टोबर संपता संपता क्रीडा संचालकांनी राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांचं अख्ख्या मोसमाचं तिकीट २८० डॉलरवरून १७५ वर आणलं गेलं. पैशाचा प्रश्न होताच, तो मी नाकारत नाही. पण पोरांना न विचारता त्यांच्या बसण्याला हात लावला, इथून ते सगळं सुरू झालं असं माझं मत आहे.

अलाबामाने २०१९ मध्ये दुसरी वाट धरली. फोनमध्ये एक ॲप घ्यायचं, तुम्ही स्टेडियममध्ये आहात का हे ते ॲप बघणार. आलात तर १०० गुण, चौथ्या क्वार्टरपर्यंत (गेमच्या चार भागांतल्या शेवटच्या भागापर्यंत) थांबलात तर आणखी २५०, आणि गुण जास्त असतील तर मोसमाअखेरच्या मोठ्या गेमच्या तिकिटात प्राधान्य. पोरांवर नजर ठेवण्याचा प्रश्न तर आहेच. पण मला दुसरंच खटकतं. गुणांसाठी थांबलेलं पोर फोनवर मान घालून बसून राहील. तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारांतल्या तिसऱ्या, मोक्याच्या प्रयत्नाला बसून राहणारा स्टँड आणि रिकामा स्टँड यांत मैदानावरच्या खेळाडूला काय फरक पडणार?

याउलट टेक्सस ए अँड एमकडे बघा. २ जानेवारी १९२२, डॅलस, समोर सेंटर कॉलेजचा तगडा संघ. खेळाडू जखमी होत होते, राखीव संपत आले होते. प्रशिक्षकांनी वर बसलेल्या ई. किंग गिल या विद्यार्थ्याला खाली बोलावलं. त्याने जखमी खेळाडूचा पोशाख चढवला आणि गेम संपेपर्यंत कडेला तयार उभा राहिला. मैदानात उतरायची वेळ आलीच नाही, ए अँड एमने २२-१४ ने गेम जिंकला. पण तेव्हापासून तिथले विद्यार्थी स्वतःला बारावा गडी म्हणवतात आणि गेमभर उभे राहतात. घरच्या गेमच्या आदल्या मध्यरात्री स्टेडियममध्ये घोषणांची तालीम होते. घोषणा देणारे म्होरके पाच, ते विद्यार्थीच मतदानाने निवडतात. नव्या पोरांना कॉलेज सुरू व्हायच्या आधीच शिबिरात हे सगळं शिकवतात. तिथे थांबण्याबद्दल कुणाला गुण द्यावे लागत नाहीत, कारण पोरांना तिथे काम दिलेलं आहे.

आमच्या समितीतली पोरं म्हणतात, मावशी, शंभर वर्षांची परंपरा आम्ही कुठून आणू? शंभर वर्षं लागतातच असं नाही. विस्कॉन्सिनमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या मध्ये एक गाणं लावून सगळा स्टँड उड्या मारतो, त्याची सुरुवात १९९८ ची. २००३ मध्ये स्टेडियमचं बांधकाम चालू असताना व्यवस्थापनाने ते बंद केलं, तर पोरं एवढी खवळली की पुन्हा सुरू करावं लागलं. आयोवाचं तर त्याहून अलीकडचं. स्टेडियमला लागूनच मुलांचं इस्पितळ आहे, त्याच्या बाराव्या मजल्यावरून मैदान दिसतं. २०१७ मध्ये एका आईने फेसबुकवर सुचवलं की या आजारी मुलांना आपण सगळ्यांनी हात करूया. तेव्हापासून पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम, पाहुणा संघसुद्धा, त्या खिडक्यांकडे वळून हात हलवतं. हात करायचा तर पहिला क्वार्टर संपायच्या आत जागेवर असावं लागतं. उशिरा येण्यावर याहून चांगला उपाय माझ्या ऐकण्यात नाही, आणि याला एक पैसा लागला नाही.

माझं माहेर कोल्हापूर, त्यामुळे मला यात फारसं नवल वाटत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठेतली पोरं फुकट पिझ्झा मिळतो म्हणून येतात का? आपली तालीम खेळतेय म्हणून येतात.

समितीला मी मोजकंच सांगते. जागा वाटताना घोळका मोडू नका. पोरांना ओढायला फुकट टी-शर्ट वाटण्याचे पैसे तिकीट स्वस्त करायला वापरा. कोणती घोषणा, कोणता रंग, कधी उड्या, हे पोरांनाच ठरवू द्या, आणि पोरांनी जे उचललं ते वरून कुणी बंद करू नका.

आणि एका गटाकडे कुणाचंच लक्ष जात नाही, तो म्हणजे आपली मास्टर्सला येणारी मुलं. गेल्या वर्षी साताऱ्याचा एक मुलगा पहिल्या गेमला एकटाच आला होता. आजूबाजूचे सगळे उभे, हा बसलेला. समोर फक्त पाठी दिसत होत्या. शिट्टी का वाजली, सगळे का ओरडले, काहीच कळेना. दुसऱ्या क्वार्टरला निघाला तेव्हा मी त्याला जिन्याजवळ थांबवून सांगितलं, चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं, गेले की पुन्हा चार प्रयत्न, आणि समोरच्यांचा चेंडू असला की आपण ओरडायचं म्हणजे त्यांना एकमेकांचं ऐकू येणार नाही. एवढ्यावर तो परत वर गेला. मी त्याला प्रयोगशाळेतल्या पोरांच्या एका रांगेत नेऊन उभा केला, ती माझ्या ओळखीची होती. पुढच्या गेमला तो स्वतःच्या खोलीतल्या तिघांना घेऊन आला.

म्हणून यंदा आम्ही पहिल्या गेमच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी नव्या भारतीय मुलांना तासभर नियम आणि घोषणा शिकवणार आहोत. शिकवणार तोच साताऱ्याचा मुलगा, चहा-पोहे माझ्याकडे. तुमचं कुणी यंदा इकडे शिकायला आलं असेल तर त्यांच्या विद्यापीठात असं काही आहे का ते विचारायला सांगा, आणि नसेल तर दोघातिघांनी मिळून सुरू करायला सांगा.