तुम्ही विचारलंत म्हणून : ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमकं काय

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल बोलताना कुणी ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की मी मध्येच थांबवते. ‘एएस की एसएस, ते सांगा.’ एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नसतो पण दोष मुलांत जाऊ शकतो; एसएस म्हणजे रुग्ण. मग प्रश्न येतोच : एका शब्दावरून एवढं काऊन अडून बसता? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सांगूनच टाकते.

लेकराला आपण ‘पॉझिटिव्ह विचार कर’ सांगतो. रक्तगट ओ पॉझिटिव्ह निघाला तर कुणी दचकत नाही. तांबड्या पेशींवर आरएच घटक आहे, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत एखादा ‘आय अ‍ॅम पॉझिटिव्ह’ म्हणतो तेव्हा त्याची पक्की खात्री असते. आणि तपासणीच्या कागदावर? जे शोधत होते ते सापडलं, बस. त्यानं पुढे काय होणार, हे तो शब्द सांगत नाही.

माझ्या कागदावर तेवढंच होतं : ‘सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह’. यात थोडं रक्त एका द्रावणात मिसळतात. सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं, नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. वाहकाचंही गढूळ होतं, रुग्णाचंही. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीत, आणि तो रिपोर्ट यायच्या आतच नागपुरात मानेवाड्याला आमच्या घरी माझ्या लग्नाची बैठक बसली. मुलाच्या मामांनी कागद वाचला नि शेजारच्याला म्हणाले, ‘पोरगी पॉझिटिव्ह आहे म्हणते बाप्पा.’ बाबा म्हणाले, ‘मामाजी, चार दिवस थांबा, दुसरा रिपोर्ट येऊ द्या.’ कुणी उत्तर दिलं नाही. मग मीच बोलले. मुलाचीही तपासणी करा, म्हटलं. मी वाहक निघाले आणि तो एए, म्हणजे सिकलचा दोष नसलेला, असला तर मूल फार तर वाहक होईल; दोघंही वाहक असलो तर दर गरोदरपणात आजाराची शक्यता 25 टक्के. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबांनाच म्हणाल्या, ‘आमच्या पोराले का झालं जी?’ पोहे तसेच ठेवून मंडळी उठली. माझा रिपोर्ट एएस आला. बाबांनी तो त्यांना पाठवला. उत्तर आलं नाही.

त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. माझ्या चुलतभावाला मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात सांध्यांच्या कळांनी रात्रभर विव्हळताना मी पाहिलंय. मुलगा एएस निघाला असता तर कदाचित मीच नकार दिला असता. पण तो कळल्यानंतरचा नकार असता.

तेव्हा मी स्वतःची समजूत घालायची : दोष शब्दाचा नाही, माणसांचा, लग्न मोडायचं ते ‘वाहक’ म्हटल्यानंही मोडलं असतं. हे मला आजही खोडता येत नाही. तरी मी अडवतेच. 2023 मध्ये देशात सिकलसेलची मोहीम सुरू झाली, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरलं. म्हणजे तेवढे कागद घराघरात जाणार. त्यावर एएस की एसएस ते स्पष्ट लिहा, आणि बैठकीत पोरीचा कागद मागाल तेव्हा पोराचाही आणा.